तसूभर

रात्रपाळी संपते पहाटे चारला.
ग्रिम्सबीच्या गोदीजवळ, माशांच्या शीतगृहात
मी कॉम्प्रेसर सांभाळतो
आणि त्यांचं घुमणं कानात घेऊन घरी येतो,
जसे कुणी खिशात कामावरचे खिळे विसरून आणतात.
वरची खोली. खाली केबाबवाल्याचं शटर बंद.
कॅलमने दिलेला जुना लॅपटॉप, दोन बटणं निघालेली,
हेडफोनचा डावा कान चिकटपट्टीने जोडलेला.

'आधी एकच ऑसिलेटर चालू ठेव,' तो म्हणाला होता,
'बाकी सगळं बंद. रिव्हर्ब तर अजिबात नको,
रिव्हर्बमध्ये कुणीही शहाणा वाटतो.'

तर हा पहिला ऑसिलेटर.
याच्या पोटात दोनशे छप्पन्न लाटा, एकीमागे एक,
वहीच्या पानांसारख्या. प्रत्येक पानावर एकच रेघ,
मागच्या पानापेक्षा जराशी निराळी वाकलेली.
पडद्यावरच्या गोल चकत्यांना मी खुंट्याच म्हणतो.
पोझिशनची खुंटी पिळली की पानं उलटतात:
सुरुवातीला गुळगुळीत शिट्टी,
चाळिसाव्यावर नाकात बोलणारा कारकून,
शंभराच्या पुढे करवत.
मी मागे फिरतो. कारकून. शिट्टी. परत कारकून.
दोन पानांच्या मध्येच थांबलं तरी चालतं,
तिथली रेघ यंत्र आपल्या मनाने ओढतं.

मग सप्तकाची खुंटी, मग अर्ध्या स्वरांची,
शेवटी बारीक, जिच्यावर सेंट मोजतात.
एका अर्ध्या स्वराचे शंभर तुकडे.
अब्बा याला तसूभर म्हणायचे.
मिरजेच्या दुकानात, घोडीवर कानस चालवताना:
'तसूभर कमी. थांब. आता तसूभरही नको.'
म्हणजे किती, असं गिऱ्हाइकाने विचारलं
की ते त्याच्यासाठी चहा मागवायचे.

युनिसन म्हणजे एकाच स्वराचे सात जण.
डिट्यून शून्यावर असेल तर
एकच माणूस मोठ्याने ओरडतोय असं वाटतं.
थोडं वाढवलं की सातांत धुसफूस सुरू होते,
आवाज फुगतो, बसतो, पुन्हा फुगतो.
फार वाढवलं तर वरातीचा बँड.

फेज मला आठवडाभर कळला नव्हता.
स्वर लाटेच्या कुठल्या वळणावरून निघणार, एवढंच ते.
पण रँडम चालू राहिलेलं, त्यामुळे
एकच पट्टी दोनदा दाबून एकच आवाज कधी मिळाला नाही
आणि मी माझ्या कानांना शिव्या देत होतो,
कॉम्प्रेसरने खाल्ले म्हणून.
आज रँडम बंद केलं. दाबली. तोच. दाबली. तोच.
एकटाच हसलो.

जवारी मात्र सापडत नाही.
तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा,
ज्याने तार घोडीवर घासत घासत उजळते,
त्याची खुंटी कुठे आहे?
कॅलम म्हणाला, 'वार्प करून बघ. वाकव लाटेला.'
वाकवली. पत्र्याचा डबा.
अजून वाकवली. बरणीतली गांधीलमाशी.
मिरजेत तोवर दुकानं उघडली होती,
चुलतभाऊ मुबारकला फोनवरून ऐकवली.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, 'दोरा जाड झालाय.'

हेडफोन काढला तर खोली वाजत होती.
फ्रीज.
पन्नास सायकलची वीज, इथली आणि तिथलीही.
दुकानातल्या ट्यूबलाइटचा चोक असाच घुमायचा,
तंबोरा लावायला बसण्याआधी अब्बा दिवाच घालवायचे
आणि अंधारात खुंटी चाचपायचे.

मी फ्रीजचा प्लग काढला.
दूध राहील तासभर.
बारीक खुंटी, डावीकडे.
थांब.